गाडीला काही झालेलं नाही

वाईट गाड्या दोन जातींच्या असतात. एकीला तिचा मालक उठता-बसता शिव्या घालतो. हिच्यात बसायला हरकत नाही. मालक सावध असतो, पाण्याचा कॅन भरून घेतो, घाट लागायच्या आधी रेडिएटर बघतो आणि लक्षण ठीक दिसलं नाही तर ‘आपण एसटीनंच जाऊ’ म्हणतो. दुसरीवर मालकाचा जीव असतो. हिच्यात बसू नये. नाइलाजानं बसायची वेळ आलीच तर पायात चालण्याजोगी चप्पल असावी आणि अंगावर इस्त्रीचे कपडे नसावेत.

तात्यांची प्रत्येक गाडी दुसऱ्या जातीची.

तात्या नेवासे तालुक्यातले, आमच्याच गल्लीतले. पण त्यांना आमच्या गल्लीपुरतं ठेवणं अन्यायाचं होईल. कोपरगावात त्यांना आबा म्हणत असतील, जामखेडला अण्णा, पारनेरला भाऊ. रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडं टाकून, कमरेवर हात ठेवून, धुरकटलेल्या इंजिनाकडं लेकराच्या कौतुकानं बघणारा पांढऱ्या टोपीतला गृहस्थ दिसला की तो तात्याच. बायकामाणसं बाभळीच्या सावलीला टेकलेली असतात, पोरं रडत असतात, आणि कुणी मोटरसायकल थांबवून ‘काय झालं हो?’ विचारलं की उत्तर ठरलेलं असतं. ‘गाडीला काही झालेलं नाही.’

मग ‘फक्त’ येतो. फक्त पेट्रोल चढत नाही. फक्त फॅन बेल्ट तुटलाय. फक्त चाक गेलंय. चाक गेलंय म्हणजे पंक्चर झालंय असं ऐकणाऱ्याला वाटे. एकदा ते खरोखरच गेलं होतं; गाडीच्या पुढं, एकटंच, वडाळा बहिरोबाच्या दिशेनं, आणि अर्ध्या तासानं कुणाच्या तरी उसात सापडलं. ‘नट ढिले होते, पण चाल बघ कशी सरळ ए,’ तात्या म्हणाले. ‘अलाइनमेंट एक नंबर.’

नोकरीत असताना तात्या साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर होते. उसाच्या बैलगाडीकडं लांबून बघूनच ते वजन सांगत आणि मग काटा त्यांना दुजोरा देई. घोडेगावचा जनावरांचा बाजार आम्हाला जवळ. तिथं तर तात्यांना बरोबर नेल्याशिवाय आमच्या शिवारातलं कुणी बैल घेत नसे. जबडा उघडून दात बघायचे, दोन दाती की चार दाती की जुळलेला. पाठीवर थाप टाकून कातडी थरारते का बघायचं. चार पावलं चालवून पाय ओढतो का ते तपासायचं. आणि मग रुमालाखाली दलालाची बोटं धरून भाव करायचा. त्या रुमालाखाली तात्यांना गंडवणारा दलाल अजून जन्मला नाही असं म्हणत. आणि हाच माणूस गाडी घ्यायला गेला की जिच्या दाढाही पडून गेल्यात अशी नेमकी उचलून आणतो, याचं गावाला मोठं कोडं होतं.

मला ते नगरच्या एका टपरीवर एका जुन्या गाड्यांच्या एजंटानं सोडवून दाखवलं. इतर गिऱ्हाइकाला गाडी विकायची तर ‘डॉक्टरची गाडी’, ‘सिंगल हँड’, ‘नुसतं पेट्रोल टाका न् पळवा’ ही पोथी वाचावी लागते. तात्या तिला बधत नाहीत. तात्यांपुढं एकच करायचं, गाडीची बदनामी. ‘तात्या, ही नका बघू. उद्या भंगारवाला नेणारे.’ एवढं बोलून एजंट पाठ फिरवतो. तात्या थबकतात. भंगारात? का? काय वाईट आहे तिच्यात? पत्रा सडलाय म्हटलं की तात्या विचारतात, पत्र्यानं गाडी चालती का? ऑइल खाती म्हटलं की, खाणारच, कामाचं जनावर खातंच. सेल्फ मारत नाही म्हटलं की, मग माणसं कशाला दिलीत देवानं? अशी वकिली करता करता अशिलाला घरी घेऊन येतात. खिशातला इसार तोवर एजंटाच्या हातात गेलेला असतो.

‘आम्ही त्यांना एकदाही फसवलं नाही,’ एजंट चहाचा ग्लास ठेवत म्हणाला. ‘प्रत्येक गाडीबद्दल सगळं खरं सांगितलं.’

सुरुवात लुनापासून झाली. लुना आपल्या नगरची. फिरोदियांच्या कायनेटिकनं ती १९७२ साली काढली आणि बघता बघता मास्तर, पोस्टमन, ग्रामसेवक सगळे तिच्यावर बसले. पन्नास सीसीचं इंजिन आणि वेळ पडली तर पायडल. तात्यांकडं आलेली चौथ्या की पाचव्या हाताची होती आणि तिच्या बाबतीत वेळ रोजच पडे. टोपी सांभाळत, पायडल मारत तात्या घोडेगावपर्यंत जात. यापेक्षा सायकल हलकी पडेल असं कुणी सुचवलं तर म्हणत, ‘सायकलला इंजिन असतं का?’ लुनाबद्दल एवढं पुरे. तिच्यावर हाल व्हायचे ते एकट्या तात्यांचे. चार चाकं आली आणि प्रश्न सार्वजनिक झाला.

ती फियाट. कागदावर प्रीमियर पद्मिनी. पण कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणाऱ्या त्या गाडीला उभा महाराष्ट्र फियाटच म्हणायचा. १०८९ सीसीचं इंजिन, गियरची दांडी स्टिअरिंगला, पुढं सलग बाकडं. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी तिच्या जिवावर पोरींची लग्नं केली, तेव्हा गाडीच्या मूळ गुणाबद्दल मला काही म्हणायचं नाही. तात्यांच्या दारात आली तेव्हा तिच्या आरसी बुकात पुढच्या मालकाचं नाव लिहायला जागा उरली नव्हती, आणि कुर्ल्यानं दिलेल्यापैकी तिच्यात काय उरलं होतं ते शोधावं लागलं असतं. सीट एका अँबेसडरचं, आरसा कुठल्याशा स्कूटरचा, हॉर्न ट्रकचा. बाकीचा माल पुण्याच्या जुन्या बाजारातून तात्या दर महिन्याला पिशवीत घालून आणत. पिशवीत वर कोथिंबीर असे, काकींना दिसू नये म्हणून.

या गाडीत बसायचे नियम होते. मागचं डावं दार आतून उघडत नसे आणि उजवं बाहेरून. त्यामुळे चढायचं एकीकडून आणि उतरायचं दुसरीकडून. जागा वयानं मिळत नसे, ताकदीनं मिळे. धक्का मारणारे दाराशी, म्हातारीकोतारी मध्ये. पुढच्या बाकड्यावर मधोमध बसणाऱ्यानं दर गियरला गुडघा आडवा घ्यायचा. हँडब्रेक दिसायला होता, म्हणून काकींच्या पायाशी एक काळा दगड असे. चढावर गाडी थांबली की तात्या नुसतं ‘अगं’ म्हणत आणि काकी दगड घेऊन उतरत. मागच्या चाकाला दगड लावायला त्यांना जेवढा वेळ लागे तेवढ्यात नव्या गाडीतल्या बाईचा पट्टाही सुटणार नाही. दसऱ्याला गाडीची पूजा तात्या करत. काकी आधी दगडाला हळदकुंकू वाहत.

शिंगणापूर आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. घरांना दारं-कुलपं नसलेलं गाव म्हणून सगळं जग तिथं बघायला येतं. आमच्या गावात घरांना दारं आहेत, पण तात्यांची गाडी कुठंही, कधीही, किल्ली आत ठेवून उभी असे. चोरी कशी होणार? चोराला पहाटे अडीच वाजता धक्का मारायला चार माणसं कोण देणार? आणि आपल्याकडं ज्ञानेश्वरांनी भिंत चालवली म्हणतात. तात्या गाडी चालवायचे तेव्हा इंजिनाचा वाटा साधारण तेवढाच असायचा.

फियाटचं नाव झालं ते उष्ट्या हळदीनं.

वैशाखातलं लग्न. नवरदेव आमच्या भावकीतला, नवरी जेऊरच्या पुढच्या एका गावची. सकाळी इकडं नवरदेवाला हळद लागते. उरलेली उष्टी हळद, नारळ, हिरवं लुगडं घेऊन करवली आणि चार बायका पुढं जातात. ती पोचल्याशिवाय तिकडं नवरीला हळद लागत नाही. ठरवलेली जीप आली नाही. कुणी काही म्हणायच्या आत तात्यांनी फियाट दारात आणली. आणली म्हणजे आम्ही ढकलत आणली. मी तेव्हा दहावीत होतो आणि मला धक्क्याच्या जागेवर घेतलं होतं.

पांढरीपुलापर्यंत गाडीनं कुणाला बोलायला जागा ठेवली नाही. पुढं इमामपूरचा घाट. तसा तो किरकोळ आहे. माळशेज उतरलेला माणूस त्याला घाट म्हणायचा नाही. पण अकराचं ऊन होतं आणि आत आम्ही आठ जण होतो. पहिल्या वळणाला बॉनेटच्या फटीतून वाफ निघायला लागली, दुसऱ्याला गाडीनं दोन-तीन आचके दिले आणि ती थांबली. काकी आणि दगड बाहेर.

‘गाडीला काही झालेलं नाही,’ तात्या म्हणाले. ‘फक्त पेट्रोलची वाफ झालीय.’

हे मात्र खरं होतं. त्या काळच्या गाड्यांत पेट्रोलचा पंप इंजिनाच्याच अंगाला असे. उन्हाळ्यात घाट चढताना तो असा तापे की पेट्रोलची आतल्या आत वाफ होई आणि ती वाट अडवून बसे. पंपावर ओलं फडकं टाकायचं आणि बिडी संपेपर्यंत थांबायचं, हा सगळ्या महाराष्ट्राचा उपाय. फडकं म्हणून करवलीचा जरीचा रुमाल गेला. पंप गार झाला, पण तेवढ्यात रेडिएटरच्या तळाशी बारीक धार दिसली. कॅनमधलं पाणी वरून ओतावं तेवढं खालून रस्त्यावर येत होतं. तात्या गुडघ्यावर बसले, धारेखाली बोट धरलं, वर बघितलं आणि विचारलं, ‘हळद आहे का कुणाकडं?’

जगातल्या दुसऱ्या कुठल्याही बंद पडलेल्या गाडीत या प्रश्नाला ‘नाही’ असंच उत्तर मिळालं असतं.

गळक्या रेडिएटरात हळद टाकायची, म्हणजे ती पाण्याबरोबर चिरेत जाऊन बसते आणि गॅरेजपर्यंत पोचवते, ही ड्रायव्हर लोकांची जुनी विद्या. (नंतर तीच हळद आतल्या बारीक नळ्यांतही बसते आणि रेडिएटर कायमचा जातो. पण विद्या तिथपर्यंत सांगत नाही.) हळद होती ती आत्याबाईंच्या मांडीवर, पितळी वाटीत, वर विड्याचं पान झाकून. आत्याबाईंनी वाटी पदराखाली घेतली.

‘तात्या, ही उष्टी हळद ए. नवरीची ए.’

‘नवरीलाच पोचवायची ना?’ तात्या म्हणाले. ‘गाडी पोचली तर हळद पोचणार. आन् हळद दिली तर गाडी पोचणार.’

यात कुठंतरी खोट आहे हे सगळ्यांना कळत होतं, पण ती सापडेपर्यंत निम्मी वाटी रेडिएटरात गेली. पाण्यासाठी मला खाली पिटाळलं. वाटेत एका ट्रकवाल्यानं डबा भरून दिला. पाच मिनिटांत पिवळी धार बारीक झाली, मग थेंब, मग तेही बंद. तात्यांनी आमच्याकडं असं बघितलं, जणू ही चीर त्यांनीच आमच्या ज्ञानासाठी पाडली होती. जेऊरला किराणा दुकानातून पाव किलो हळद घेतली, वाटीतल्या उरलेल्या हळदीत कालवली आणि वरात वेळेवर पोचली. गाडीतल्या आठ जणांनी शपथ घेतली होती. अक्षता पडायच्या आत मांडवातल्या वाढप्यांपर्यंत सगळ्यांना माहीत झालं होतं.

पहिली उष्टी हळद फियाटला लागली, म्हणून तो नवरदेव आज आजोबा झाला तरी गावात ‘फियाटचा नवरा’ आहे. तात्यांचा निष्कर्ष वेगळा. ‘त्या दोघांचं कधी भांडण ऐकलंय? गाडीचा पायगुण ए.’

एवढं असून फियाटवर एक पैसा तोटा झाला नाही, असा तात्यांचा दावा आहे. ‘बावीस हजाराला घेतली, बावीस हजाराला विकली. सहा वर्षं फुकट फिरलो.’ मी एकदा त्यांची खर्चाची वही बघितली. काट्यावरचा माणूस, अक्षर मोत्यासारखं, बेरजा चोख. गाडीच्या पानावर पेट्रोल सोडून एक ओळ नव्हती. क्लच प्लेट मोहट्याच्या वाटेवर गेली होती, म्हणून ती ‘देवधर्म’ या सदरात. इंजिन डाऊन करून रिंगा-पिस्टन घातले ते पेरणीच्या दिवसांत, म्हणून ‘शेती’. हळदीनं गेलेला रेडिएटर ‘लग्नकार्य, आहेर’. टोचन करून आणल्याचे पैसे ‘प्रवासखर्च’. आणि बॅटरी ‘दवाखाना’ सदरात का, ते विचारलं तर म्हणाले, ‘त्या दिवशी तुझ्या काकीला दवाखान्यात न्यायचं होतं.’ मग नेलं का? ‘एसटीनं गेली.’

एसटीचं नाव काकींसमोर काढायचं, तात्यांसमोर काढायचं नाही. १ जून १९४८ ला पहिली एसटी धावली ती पुणे–नगर मार्गावर, याचा आमच्या जिल्ह्याला अभिमान आहे. तात्यांच्या डोळ्यांत तो सलतो. एक तर ती वेळेवर जाते आणि जाताना खिडकीतून ओळखीची माणसं हात करतात. त्यातही काही जण हात करत नाहीत, नुसतीच हसतात. ती तात्यांच्या लक्षात राहतात आणि त्यांच्या घरच्या कार्याला तात्या उशिरा जातात. तसे ते सगळ्यांकडंच उशिरा जातात, पण इथं मुद्दाम.

फियाटनंतर अँबेसडर आली, पेट्रोलची गाडी असून तिच्यात कुणीतरी डिझेलचं इंजिन बसवलं होतं. तेव्हा डिझेल स्वस्त होतं आणि असे प्रयोग गॅरेजोगॅरेजी चालत. आवाज असा की चालू झाली की शेजारचा रानात पाणी आलं समजून उठायचा. थंडीत डिझेल एअर धरी, मग पंप मारत बसायचं. गाडी थांबल्यावरही अंग थरथरतं, ही तक्रार घेऊन एक पाहुणे डॉक्टरकडं गेले होते. तिच्यामागून व्हॅन. व्हॅनच्या मागच्या सीटखाली घरगुती गॅसची टाकी असण्याचा तो जमाना. बेकायदा आणि जिवावरचा खेळ, पण निम्मा जिल्हा तसाच फिरत होता. पिठलं अर्धवट शिजलेलं असताना टाकी गाडीला नेली, तेव्हा काकींनी तात्यांना आयुष्यात पहिल्यांदा अरे-तुरे केलं. टाकी त्याच दिवशी चुलीपाशी परत आली आणि व्हॅन पेट्रोलवर गेली. म्हणजे दारात उभी राहिली.

तात्यांचा मुलगा चाकणला गाड्यांच्या कारखान्यात आहे, तोही तपासणी खात्यात. रोज शेकडो नव्याकोऱ्या गाड्यांची दारं उघडून-मिटून बघायची, त्यांत केसाएवढी फट दिसली तरी गाडी परत पाठवायची, हे त्याचं काम. सुट्टीत घरी आला की तो बापाच्या गाडीकडं पाठ करून जेवतो. त्यानं एकदा वडिलांना नगरला रणगाड्यांचं संग्रहालय दाखवायला नेलं. लष्कराच्या आर्मर्ड कोअरनं १९९४ साली ते सुरू केलं. जगभरचे, लढायांत पकडलेले रणगाडे तिथं ओळीनं उभे आहेत. पोराचा डाव असा की गंज आणि इतिहास दोन्ही एकत्र बघून वडिलांचं मन वळेल. तात्या रोल्स-रॉइसच्या सिल्व्हर घोस्ट चिलखती गाडीपुढं उभे राहिले. कधीची? पहिल्या महायुद्धाच्या आसपासची. तात्यांनी टायर दाबून बघितला आणि रखवालदार ओरडायच्या आत पोराला म्हणाले, ‘बघ. आन् तू आपल्या व्हॅनला जुनी म्हणतो.’

येताना वाहननगरच्या बाजूला लष्करी गाड्यांची संशोधन संस्था दिसली, व्हीआरडीई. तिथल्या खास रस्त्यांवर गाड्या आपटून, बुडवून, चढवून तपासतात हे पोरानं सांगितलं. तात्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही. असे रस्ते त्यांच्या मते आमच्या गावापर्यंत आलेले आहेत.

मग सरकारनं मनावर घेतलं. २०२१ साली जुन्या गाड्या भंगारात काढायचं धोरण आलं, आणि १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या मोटारीची नोंदणी नवी करायची फी सहाशेची पाच हजार झाली. पोरानं ही बातमी विजयानं वाचून दाखवली. तात्या बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘म्हणजे सरकारनंही मान्य केलं. सहाशेची वस्तू पाच हजाराची झाली. अजून थांबू.’ पुढच्या वर्षी मुंबईतून शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली, तेव्हा त्यांनी त्या रात्री जेवण टाळलं. आणि नव्या नंबर पाट्यांची सक्ती आली, तेव्हा व्हॅनला चकाकती, लेसरनं कोरलेली, न उपटणारी पाटी बसली. जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं तरी पाटीवर एमएच-१६ कायम आहे. आता गाडीला टोचन लावायचं तर सगळ्यात मजबूत जागा ती पाटीच, असं आमचा फिटर म्हणतो.

तात्यांचा भाचा जर्मनीत असतो. त्यानं तिकडच्या एका संग्रहालयातून ट्राबांटचा फोटो पाठवला. पूर्व जर्मनीतली ती गाडी, १९५७ पासून १९९१ पर्यंत तीस लाखांवर बनली. दोन-स्ट्रोक इंजिन, मागं निळा धूर, आणि अंग पत्र्याचं नव्हे तर राळ आणि कापसाच्या टाकाऊ तंतूंचं. नोंदवल्यावर दहा-दहा वर्षं वाट बघायची. जगातल्या सगळ्यात वाईट गाड्यांत तिचं नाव असतं, असं भाच्यानं खाली लिहिलं होतं. तात्यांनी चष्मा लावला. ‘कापसाची? म्हणजे गंज नाही! आपल्या शेवगाव-पाथर्डीला बनवता येईल की. ह्यात वाईट काय ए?’ भाच्याला त्यांनी उलट निरोप पाठवला, एखादी पडून असेल तर भाव काढून ठेव. तो निरोप गेल्यावर भाच्याचे फोन कमी झाले.

व्हॅनचं अखेर काय झालं ते सांगायला पाहिजे, कारण ते मी डोळ्यांनी बघितलं. श्रीगोंद्याकडचे एक पाहुणे गाडी बघायला आले. वय तात्यांचंच, टोपी तीच. आले ते स्वतःच्या जीपमधून, तीही उतारावर सोडून, इंजिन बंद न करता. बरोबर त्यांचा मुलगा, तोंड आंबट केलेला. दोघा म्हाताऱ्यांनी आपापल्या गाडीची अशी तारीफ मांडली की चहा गार झाला. भाव एक पैसा हलेना. खरं तर गोष्ट तिथंच संपायची. पण पाहुण्यांचा मुलगा वैतागून म्हणाला, ‘दादा, चला ना. आपल्या डबड्याला कोण विचारतंय? धूर बघा, ब्रेक बघा. भंगारात पण घेणार नाहीत.’

तात्या उठले. ‘असं बोलू नये गाडीला,’ ते जीपपाशी जात म्हणाले. ‘धूर म्हणजे काय? आतली घाण बाहेर टाकती. मोकळ्या मनाची ए.’

एवढ्यात स्वयंपाकघरातून काकी बाहेर आल्या. आजवरचं सगळं साचलेलं होतं. ‘न्या हो भाऊ ती व्हॅन,’ त्या पाहुण्यांना म्हणाल्या. ‘फुकट न्या. एक दिवस सरळ चालली नाही मेली. दार धरलं तर हातात येतं, पाऊस आला तर आत छत्री लागती.’

आता पाहुणे ताठ झाले. व्हॅनच्या टपावर हात ठेवून म्हणाले, ‘वहिनी, दार हातात येतं म्हणजे गाडी माणसाळलेली ए. अशी मिळत नाही आजकाल.’

पुढचा अर्धा तास तात्या जीपची बाजू मांडत होते आणि पाहुणे व्हॅनची, आणि दोघांचेही आवाज चढत होते. मुलगा आणि काकी एका बाजूला, वकील दुसऱ्या बाजूला. शेवटी तात्यांनी खांद्यावरचा रुमाल काढला. रुमालाखाली दोन हात गेले, बोटं हलली, थांबली, पुन्हा हलली. रुमाल निघाला तेव्हा पैशाचा प्रश्नच उरला नव्हता. अदलाबदल, गाडीला गाडी, कागद सोमवारी आरटीओत. पाहुणे जाता जाता मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘तुमच्या तात्यांना आज फटका बसला बरं का, पण सांगू नका.’ ते व्हॅनकडं वळले तसं तात्यांनी मला कोपर मारलं. ‘गेला बिचारा.’

एव्हाना जीप आपली आपणच बंद पडली होती. व्हॅन सुरू करून गावाच्या वेशीपर्यंत घालवायला आठ जण लागले. परत येऊन जीप गोठ्यात ढकलली, तिला पाच. तात्यांनी दोन्ही वेळा डोकी मोजली होती.

‘बघ,’ ते मला म्हणाले, ‘तीन माणसांचा फायदा.’